इचलकरंजीतली आठवी ते दहावी: दोस्तीला वेळ आणि जागा कुठून मिळते?

संध्याकाळी पाचच्या सुमारास इचलकरंजीतल्या शाळा सुटतात आणि पुढचा अर्धा तास रस्ते गणवेशांनी भरून जातात. शाहू पुतळा, जनता चौक, मलाबादे चौक, कुठंही पाहा. तीन-तीन सायकली एका रेषेत चाललेल्या, मागून हॉर्न वाजला तरी बोलणं न तुटणाऱ्या. साडेसहाला त्याच रस्त्यांवर पुन्हा नजर टाकली तर चित्र बदललेलं असतं. मुलगे कपडे बदलून परत आलेले असतात. गल्लीच्या तोंडाशी, बंद शटरच्या पायरीवर, कुणाच्या तरी उभ्या गाडीवर बसून त्यांच्या गप्पा चालतात. मुली दिसतात त्या कुठंतरी निघालेल्या. हातात क्लासची वही, दुधाची पिशवी, नाहीतर दळणाचा डबा. नुसतीच उभी राहून गप्पा मारणारी चौदा-पंधरा वर्षांची मुलगी शोधावी लागते.

या वयाच्या मुलांबद्दल घरोघरी एक शब्द हमखास ऐकू येतो, 'संगत'. संगत चांगली की वाईट यावर पालकांच्या बैठकीत, नातेवाइकांत पुष्कळ बोललं जातं. ती जुळते कशी, यावर फारसं कुणी बोलत नाही. जुळायला खरं तर दोन साध्या गोष्टी लागतात. एकत्र घालवायला वेळ, आणि काही काम नसताना थांबता येईल अशी जागा. यंत्रमागाच्या गावात या दोन्हींची वाटणी सगळ्यांना सारखी मिळत नाही. कुणाचे किती दोस्त, ते कुठले आणि ते दहावीनंतर टिकतात का, हे बऱ्याच अंशी या वाटणीवर ठरतं.

दोस्त एवढे महत्त्वाचे का वाटतात?

तेरा-चौदाव्या वर्षी मुलं अचानक घरच्यांपेक्षा दोस्तांचं जास्त ऐकायला लागतात. यात बिघाड काही नसतो. मेंदूचा बक्षिसाला, कौतुकाला प्रतिसाद देणारा भाग या वयात फार जागा असतो, आणि 'थांब, विचार कर' म्हणणारा पुढचा भाग अजून पक्का होत असतो. तो पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत राहतो. त्यामुळे बरोबरीच्या मुलांनी मान डोलावली, हसले, ग्रुपमध्ये घेतलं, याची किंमत मोठ्यांना वाटते त्याहून कितीतरी जास्त असते.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ साली याची एक सोपी चाचणी प्रसिद्ध केली. ३०६ जणांना गाडी चालवण्याचा व्हिडिओ गेम दिला. सिग्नल कधीही लाल होऊ शकतो, थांबायचं की पुढं दामटायचं हे खेळणाऱ्यानं ठरवायचं. एकट्यानं खेळताना १३ ते १६ वर्षांची मुलं आणि मोठी माणसं यांच्यात फार फरक पडला नाही. शेजारी दोस्त बसवले तेव्हा मुलांनी घेतलेला धोका जवळपास दुप्पट झाला, मोठ्यांचा जवळजवळ तेवढाच राहिला. ट्रिपल सीट गाडी पळवणारा नववीतला मुलगा एकटा असता तर त्याच वेगानं गेला असता का, याचं उत्तर यात आहे. पंचगंगेच्या घाटावरून उडी मारणाऱ्यालाही ते लागू पडतं. (अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५ हजार रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. किल्ली देताना हे फार थोड्या घरांत आठवतं.)

पालकांना ही अर्धी बाजू चांगली माहीत असते. दुसरी अर्धी बाजू अशी की याच वयातली एखादी घट्ट मैत्री पुढं अनेक वर्षं पुरते. जोसेफ ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हर्जिनियात १६९ मुलामुलींचा पंधराव्या वर्षापासून पंचविशीपर्यंत पाठपुरावा केला. ज्यांना पंधराव्या वर्षी एखादा जिवाभावाचा मित्र किंवा मैत्रीण होती, त्यांच्यात पुढच्या दहा वर्षांत चिंता आणि नैराश्याची लक्षणं कमी होत गेलेली दिसली. जे वर्गात सगळ्यांना हवेहवेसे होते, त्यांच्यात मात्र सामाजिक चिंता वाढत गेल्याचं आढळलं. म्हणजे 'याचे किती दोस्त आहेत' या प्रश्नापेक्षा 'मनातलं कुणाला सांगतो' हा प्रश्न जास्त कामाचा.

एका वयाची मुलं एका खोलीत

किशोरवय हा आयुष्याचा वेगळा टप्पा मानायची सवय फार जुनी नाही. जी. स्टॅनली हॉल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचा 'ॲडोलेसन्स' हा दोन खंडांचा ग्रंथ १९०४ साली आला आणि तिथून हा विषय अभ्यासाचा झाला. योगायोग असा की इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला, तेही साल १९०४ च. तेव्हा हे घोरपडे जहागीरदारांचं छोटं गाव होतं. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या २,८७,३५३ भरली आणि २०२२ मध्ये इथं महानगरपालिका झाली. वाढीमागं माग आहे. त्या मागांवर काम करायला कर्नाटकातून, सोलापूर-मराठवाड्यातून आणि नंतर उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून कुटुंबं येत राहिली.

माग आला तेव्हा चौदा वर्षांचा मुलगा हा 'मुलगा' नव्हताच, तो कामाला हाताशी येणारा माणूस होता. मुलगी त्या वयात सासरी असायची. त्यांना आपल्याच वयाच्या तीस-चाळीस जणांबरोबर रोज सहा तास एका खोलीत बसवायचं, ही गोष्ट हायस्कूलनं आणली. वेगळी भाषा, चिडवायची नावं, कोण भारी आणि कोण येडा याचे हिशेब, हे सगळं त्यानंतर आलं. जेम्स कोलमन या समाजशास्त्रज्ञानं इलिनॉयमधल्या १० हायस्कूलचा अभ्यास करून १९६१ मध्ये पुस्तक लिहिलं, त्यातलं मुख्य म्हणणं हेच होतं: मुलांना एकत्र कोंडलं की ती स्वतःचा एक समाज उभारतात, आणि त्यात मान मिळवायच्या अटी शिक्षकांच्या अटींपेक्षा वेगळ्या असतात. तिथं हुशार विद्यार्थ्यापेक्षा खेळाडू वरचढ ठरत होता. इथंही कबड्डीच्या संघातला, गॅदरिंगमध्ये नाचलेला किंवा मिरवणुकीत ताशा वाजवणारा मुलगा पहिल्या नंबरवाल्यापेक्षा जास्त ओळखीचा असतो.

दोस्त कोण होणार हे मात्र स्वभावापेक्षा जागेवर जास्त ठरतं. १९५० मध्ये लिऑन फेस्टिंजर आणि सहकाऱ्यांनी एमआयटी या संस्थेच्या वसाहतीत राहणाऱ्या कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शेजारच्या दाराशी मैत्री सगळ्यात जास्त, चार दारं सोडून राहणाऱ्याशी बरीच कमी. शाळेत हे दार म्हणजे बाकडं. आठवीच्या पहिल्या आठवड्यात सर ज्याच्या शेजारी बसवतात, तो पुढं लग्नात करवला म्हणून मिरवतो, अशी उदाहरणं प्रत्येक गल्लीत सापडतील.

आणि वेळ? कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये अंदाज मांडला की ओळखीची साधी मैत्री व्हायला सुमारे ५० तास एकत्र घालवावे लागतात, चांगली मैत्री व्हायला ९०, आणि जवळचा मित्र व्हायला २०० हून जास्त. अभ्यास मोठ्यांचा आणि कॉलेजच्या मुलांचा आहे, पण हिशेब करून पाहण्यासारखा आहे. वर्षाला शाळेचे दिवस साधारण २००, मधली सुट्टी अर्धा तास. झाले वर्षाचे १०० तास. तासाला बोलायची परवानगी नसते, तेव्हा फक्त डब्याच्या वेळेवर जवळची मैत्री व्हायला दोन वर्षं लागतील. उरलेले तास शाळेबाहेरून यावे लागतात: येता-जाता, क्लासच्या आधी-नंतर, रविवारी, सणावाराला. शाळेच्या आत सगळे सारखे आणि बाहेर वेगवेगळे, असं का होतं, ते इथं कळतं.

मागाच्या घड्याळावर चालणारं घर

इचलकरंजीत मागावरची पाळी साधारण बारा तासांची. दिवसपाळी आणि रातपाळी आलटून-पालटून. मजुरी कापडाच्या मीटरवर आणि पिकावर ठरते, म्हणून माग जेवढा वेळ चालेल तेवढे पैसे. घरातली बाई कांडी भरते, मेंडिंगला जाते, नाहीतर गारमेंटचं काम घरी आणते. ज्यांचे स्वतःचे चार-आठ माग आहेत त्यांतले अनेक खर्चीवाले, म्हणजे व्यापाऱ्याचं सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देणारे. त्यांचं घर आणि कारखाना बहुतेक वेळा एकाच भिंतीचे. जेवायच्या ताटापर्यंत खडखडाट ऐकू येतो.

अशा घरातल्या नववीतल्या मुलाचा दिवस कसा असतो? वडील रातपाळीवरून सकाळी आलेले, एका खोलीत झोपलेले. दोस्ताला घरी बोलवायचं तर बोलायचं कुठं? पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये 'माझ्या खोलीत बसू' म्हणता येतं, इथं खोली एकच आणि ती पाळीनुसार कुणाच्या तरी झोपेची. म्हणून मुलगा बाहेर पडतो. कट्ट्यावर बसणारी पोरं उनाड असतात असा समज आहे, पण त्यांतली कितीतरी जण घरात जागा नाही म्हणून तिथं असतात. दहावीचा अभ्याससुद्धा अनेकांना घराबाहेरच करावा लागतो. मग कुणी मंदिराच्या ओवरीत पुस्तक उघडतो, कुणी रात्री शाळेच्या व्हरांड्यात. वाचायला शांत जागा हवी असणाऱ्यांसाठी १८७० पासूनचं आपटे वाचन मंदिर गावात आहे, पण वाचनालयात बोलायचं नसतं आणि पंधराव्या वर्षी बोलणं हेच मुख्य काम असतं.

कुणाच्या वाट्याला मोकळा वेळ येतो तेही घरानं ठरवलेलं असतं. खर्चीवाल्याच्या मुलाला शाळेतून आल्यावर 'जरा मागाकडं बघ' असं सांगितलं जातं. जॉबर आला नाही, कांडीवाला गावी गेला, दिवाणजीनं हिशेब मागितला. अशी कामं अर्ध्या तासाची असतात आणि रोज निघतात. मजुराच्या मुलाला मे महिन्याच्या सुट्टीत कामाला लावतात. १४ वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवणं कायद्यानं पूर्ण बंद आहे आणि १४ ते १८ वयाच्यांना धोकादायक कामं बंद, पण घरच्या कामात मदत आणि मजुरी यांतली रेघ गल्लीत फार पुसट असते. व्यापाऱ्याचा, डॉक्टरचा, बँकेतल्या साहेबाचा मुलगा इंग्रजी माध्यमात असतो, त्याचे तास क्लासेसनी भरलेले. म्हणजे एकाकडे वेळ नाही कारण काम आहे, दुसऱ्याकडे नाही कारण ट्यूशन आहे. दोघं एकाच गल्लीत राहूनही त्यांची गाठ पडते ती गणपतीत.

गणपतीचं मंडळ या वयाच्या मुलग्यांसाठी किती मोठी गोष्ट आहे, हे बाहेरून नीट कळत नाही. वर्गणीची पावती फाडायला दारोदार जाणं, मांडवाला बांबू धरणं, रात्री मूर्तीजवळ राखणीला झोपणं. पहिल्यांदा घराबाहेर रात्र काढायची परवानगी बहुतेकांना इथंच मिळते. तिथं चौदा वर्षांचा आणि चोवीस वर्षांचा एकत्र बसतात, शाळेत हे होत नाही. मोठ्यांकडून मुलगा खूप शिकतो: पैशांचा हिशेब, पोलिसांशी बोलणं, भांडण मिटवणं. मावा खाणं आणि बाटली लपवणंही तिथंच शिकतो. कर्नाटकी बेंदराला गावभागात कर तोडायचा कार्यक्रम असतो. बैल पळतात, गर्दी उसळते आणि तिथंही पुढं उभी असतात ती हीच पोरं. कर्नाटकी बेंदूर पाळणारं हे महाराष्ट्रातलं गाव आहे, आणि शेजारच्या बाकावरचा मुलगा घरी कन्नड किंवा हिंदी बोलतो याचं इथं कुणाला नवल नसतं. शिव्या मात्र सगळे कोल्हापुरीतच देतात.

भारनियमनाच्या वर्षांत, म्हणजे साधारण २००५ नंतरच्या काळात, वीज गेली की माग थांबायचे. गल्ली एकदम शांत व्हायची आणि सगळे बाहेर यायचे, बायका-मुलीसुद्धा. ज्यांची शाळा त्या काळात झाली ते आज तिशीत आहेत, आणि त्या अंधाऱ्या तासांबद्दल ते तक्रारीपेक्षा मायेनं बोलताना आढळतात. कारखानदारांचं नुकसान होत होतं हे खरंच. पण ठरलेल्या वेळी सगळ्यांना एकाच वेळी रिकामं करणारं दुसरं काही या गावात नव्हतं.

मुलींचा तास कुठं जातो?

देशाच्या सांख्यिकी कार्यालयानं २०१९ मध्ये लोक दिवसभरात वेळ कसा घालवतात याची मोठी पाहणी केली. सहा वर्षांपुढच्या बायका-मुलींपैकी ८१.२ टक्के घरच्या बिनपगारी कामात होत्या, पुरुष-मुलग्यांपैकी २६.१ टक्के. हे काम करणाऱ्या बाईचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, पुरुषाची ९७. आई मेंडिंगला किंवा गारमेंटला गेलेली असेल तर संध्याकाळची भाकरी थोरल्या मुलीकडे येते. भाऊ कट्ट्यावर असतो त्या तासाचा हिशेब इथं लागतो.

वेळेइतकीच जागेची अडचण. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतल्या बायकांच्या फिरण्यावर 'व्हाय लॉइटर?' हे पुस्तक २०११ मध्ये लिहिलं. बाईला रस्त्यावर असण्यासाठी काहीतरी कारण दाखवावं लागतं, नुसतं रेंगाळायला मुभा नसते, हा त्यातला मुद्दा. मुंबईत जे खरं ते इचलकरंजीत दुप्पट खरं, कारण इथं चौकातला प्रत्येक तिसरा माणूस वडिलांच्या ओळखीचा असतो. 'तुमची मुलगी दिसली होती' हे वाक्य बातमी म्हणून घरी पोचतं. ती कुठं दिसली, कुणाबरोबर, हे नंतर.

म्हणून मुली कारणं तयार ठेवतात, आणि त्यात त्या फार हुशार झालेल्या असतात. वही द्यायला जायचंय. प्रोजेक्टचा कार्डपेपर आणायचाय. क्लास साडेपाचला सुटतो, घरी सहाला सांगितलेलं असतं. मधला अर्धा तास पाणीपुरीच्या गाड्याशी. अनेक घरांत मुलीनं गणिताचा क्लास लावायचा आग्रह धरण्यामागं गणित नसतं. ट्यूशनच्या धंद्यावर टीका करताना हा उपयोग लक्षात घेतला जात नाही.

आसपासच्या गावांतून एसटीनं येणाऱ्या मुलींची गोष्ट आणखी वेगळी. अहिल्याबाई होळकर योजनेत ग्रामीण मुलींना शाळेसाठी एसटीचा पास मोफत मिळतो. त्या पासानं शाळा मिळाली, आणि त्याबरोबर बसस्टॉपवरची वीस मिनिटं आणि गाडीतला अर्धा तास मिळाला. मुलीला घरचं काम न सांगता येणारा, कुणाला कारण न द्यावा लागणारा हा वेळ. पण बस ठरलेल्या वेळेलाच असते, ती चुकली की घरी चौकशी. त्यामुळे गॅदरिंगची तालीम, खेळाचा सराव, शाळा सुटल्यावरचं काहीही असलं की पासवाल्या मुली आधीच वजा झालेल्या असतात.

मुलींना परंपरेनं दिलेले एकत्र येण्याचे दिवसही आहेत. गौरीच्या जागरणातला झिम्मा-फुगडी, नवरात्राच्या सुमाराचा हादगा. शाळांमध्ये हादगा खेळला जातो, खिरापत ओळखायला लावतात. नाव घरगुती असलं तरी त्या तासाभरात मोठ्या मुली लहान मुलींना जे सांगतात ते पाठ्यपुस्तकात नसतं. पाळी, घरचे वाद, कुठला मुलगा मागं येतो, कुठल्या रस्त्यानं जाऊ नये. गंगामाई गर्ल्स हायस्कूलसारखी फक्त मुलींची शाळा असेल तर हे बोलणं रोजच्या डब्यात होतं. मिश्र शाळेत मुली त्यासाठी कोपरा शोधतात. 'मुलींची शाळा म्हणजे जुनाट' असं सहज म्हणता येत नाही ते यामुळे.

नाव जोडणं

मिश्र वर्गात मुलगा आणि मुलगी यांच्यातल्या रिकाम्या जागेचा सगळा कारभार तिसरेच लोक पाहतात. कुणी कुणाला पेन दिलं, वही मागितली, की नाव जोडलं जातं. फळ्यावर, बाकड्यावर, बाथरूमच्या भिंतीवर. गॅदरिंगच्या फिशपाँडमध्ये ते जाहीर वाचलं जातं. ज्यांची नावं जोडली त्यांच्यात काही असेलच असं नाही, बहुतेकदा नसतं. पण त्यानंतर दोघं एकमेकांशी साधं बोलूही शकत नाहीत, आणि मुलीच्या घरी कळलं तर तिची सायकल बंद होते. यावर जुना उपाय राखीचा. बोलायचंच आहे तर राखी बांधून 'मानलेला भाऊ' करून टाकायचा. राखीपौर्णिमेच्या दिवशी काही मुलगे शाळा का बुडवतात, हे शिक्षकांना चांगलं ठाऊक असतं.

यात आता कायदाही आला आहे, आणि तो मुलांना जवळजवळ कुणी समजावून सांगत नाही. नोव्हेंबर २०१२ पासून लागू असलेल्या पॉक्सो कायद्यात १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक आहे आणि तिची संमती धरली जात नाही. कायदा अत्याचारांविरुद्ध आहे आणि त्याची गरज किती आहे हे सांगायला नको. पण दोघंही सोळा-सतरा वर्षांचे, राजीखुशीचं प्रकरण, घरच्यांनी तक्रार दिली, तरी तो गुन्हाच ठरतो. मुलगा अल्पवयीन असला तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढं जातं, अठरा पूर्ण असतील तर थेट न्यायालयात. मुलीचं शिक्षण तिथं अनेकदा थांबतं आणि स्थळं बघणं सुरू होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. 'काही भानगड व्हायच्या आत' ही भीती त्यामागच्या कारणांपैकी एक आहे.

छेडछाडीसाठी पोलिसांची निर्भया पथकं शाळा-कॉलेजांच्या बाहेर फिरतात. पथक आलं की रस्ता मोकळा होतो, मुलींना बरं वाटतं. त्याच फेरीत नुसते बोलत उभे असलेले मुलगा-मुलगीही हटकले जाऊ शकतात, आणि घरी फोन गेला की दोघांची बाजू ऐकायला कुणी बसत नाही. १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी आणि १४४१६ ही मानसिक आरोग्याची 'टेलिमानस' वाहिनी, दोन्ही मोफत आहेत. हे आकडे शाळेच्या भिंतीवर असले तरी वाचले जात नाहीत. बाकड्यावर लिहिलेली नावं मात्र सगळ्यांना पाठ असतात.

फोननं किती फरक पडला?

फोननं तास वाढवले, जागेचा प्रश्न थोडा सोडवला. कट्ट्यावर न जाता ग्रुपमध्ये राहता येतं. पण वाटणी तीच. 'असर'च्या २०२३ च्या पाहणीत, २८ जिल्ह्यांच्या ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींमध्ये, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी ४३.७ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी १९.८ टक्क्यांकडे. मुलगी आईचा फोन वापरते, रात्री परत देते, आणि देण्याआधी चॅट पुसते. ग्रुपवर तिचं नाव आईच्या फोटोसह दिसतं, म्हणून वर्गातले मुलगे तिथं जपून लिहितात किंवा वेगळा ग्रुप काढतात. रील करणाऱ्या मुलीही आहेत, पण चेहरा न दाखवता, हात किंवा मेंदी दाखवून. ज्याच्या स्टेटसवर कोण दिसलं आणि कोण कापलं गेलं, यावर आठवडाभर अबोला चालतो. पूर्वी तो बाकडं बदलण्यावरून चालायचा.

दहावीचा निकाल लागतो तेव्हा

निकालाच्या दिवशी टक्क्यांची चर्चा होते. त्या टक्क्यांबरोबर ग्रुपही फुटतो, त्याची चर्चा होत नाही. तीन वर्षं एका बाकड्यावर बसलेले चौघं असतील तर एक सायन्सला जातो, एक आयटीआयला, एक डिप्लोमाला. चौथा मागावर. तो नापास झाला असेल तर पुरवणी परीक्षेला बसतो. शाळाच सुटली असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी द्यायचा मार्ग असतो. बारा तासांच्या पाळीनंतर कॉलेजच्या पोरांच्या वेळेला तो मोकळा नसतो. ते संध्याकाळी भेटतात तेव्हा तो कामावर, तो सुटतो तेव्हा ते झोपलेले. भांडण न होता दोस्ती संपते. वर आणखी एक नुकसान होतं: कुठल्या कोर्सला किती फी, शिष्यवृत्तीचा फॉर्म कधी सुटतो, कुठल्या कंपनीत शिकाऊ उमेदवार घेतात, ही माहिती या वयात दोस्तांकडूनच कळते. ती त्याच्यापर्यंत येणं बंद होतं.

मुलग्याला निदान मंडळ असतं, वर्षातले दहा दिवस तरी सगळे परत एका मांडवाखाली येतात. मुलीकडे तसं काही नाही. अकरावीला गेलेल्या मुली नव्या मैत्रिणी करतात. जी घरी राहिली, गारमेंटला लागली किंवा जिचं लग्न ठरलं, तिला जुन्या मैत्रिणीकडे जायला आता वहीचं निमित्तही उरत नाही. काही शाळा दहावीनंतर माजी विद्यार्थिनींना हादग्याला किंवा गॅदरिंगला आवर्जून बोलावतात. खर्च काही नसतो, आणि आलेल्या मुली कार्यक्रम संपला तरी तासभर मैदानात उभ्या असतात.

निकालानंतर आठ-दहा दिवसांनी गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला घ्यायला बोलावतात. दाखल्यासाठी सगळ्यांना यावंच लागतं: कॉलेजला जाणाऱ्याला प्रवेशासाठी, मागावर जाणाऱ्याला जन्मतारखेच्या पुराव्यासाठी, लग्न ठरलेल्या मुलीलासुद्धा. ऑफिसच्या खिडकीपाशी रांग लागते, कारकून रजिस्टर उघडतात, सही घेतात. काम दहा मिनिटांचं असतं. घरी दोन तास सांगितलेले असतात.